मावशींनी मांडलेल्या वस्तू

मेस्त्री नाकावर माशी बसू देत नसत. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येत असतानाच तिच्या आवाजावरून ते दुखणं सांगायचे, आणि कुणी "कसं ओळखलंत?" असं विचारलं तर म्हणायचे, "कान आहेत म्हणून." त्यापुढे एक शब्द नाही. पस्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून पन्नासएक माणसं गेली असतील, पण "मला मेस्त्रींनी शिकवलं" असं म्हणणारा त्यातला एकही सापडला नसता. मेस्त्री शिकवत नसत, ओरडत. काम करताना त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड सुरू असायचा. काय चुकलं, किती आवळायचं, कुठं थांबायचं, समोरचा कसा गाढव आहे, सगळं एका दमात. त्यातून ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते उचलावं. बहुतेकांनी नुसतं गाढव उचललं आणि दुसरीकडे नोकरी धरली.

अशा माणसाला मांडणी आवडण्याचं काही कारण नव्हतं.

मांडणी हे त्या गॅरेजातलं एक खूळ होतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, जेवणाची सुट्टी संपायला पाव तास उरला की मधलं लांब टेबल पुसून त्यावर पांढरी चादर घालायची आणि महिन्याभरात ज्यानं स्वतःसाठी जे काही नवं घेतलं असेल ते त्यानं तिथं आणून ठेवायचं. मोबाइल, इस्त्री, बूट, दाढीचं मशीन, मोटरसायकलचा आरसा, काहीही चालायचं. किंमत विचारायची नाही आणि सांगायचीही नाही. हात साबणानं धुऊन प्रत्येकानं वस्तू हातात घ्यायचीच, आणि घेतली की तिच्याबद्दल एक तरी चांगलं वाक्य बोलायचं. हा शेवटचा नियम मागाहून आला. रंगाऱ्याच्या नव्या मोबाइलला वायरमन एकदा "डबडं" म्हणाला, त्यावरून दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या आणि त्या झटापटीत मोबाइल तेलाच्या ट्रेमध्ये पडला. तेलात पडूनही तो वर्षभर चालला, हे वायरमन आजही त्या मोबाइलबद्दलचं आपलं चांगलं वाक्य म्हणून सांगतो.

मेस्त्री टेबलाच्या टोकाला उभे राहायचे आणि हातात येईल त्या वस्तूला "बरी आहे" म्हणायचे. मनगटी घड्याळही बरं आणि पंखाही बरा. सगळ्यांनी ते वाक्य म्हणून चालवून घेतलं होतं.

पण एका शुक्रवारी मेस्त्रींनी स्वतःच चादरीवर काहीतरी ठेवलं आणि सगळे पुढे सरसावले. पेन्सिलीपेक्षा बारीक अशी काळी, लांब वायर होती. तिच्या एका टोकाला मुगाच्या दाण्याएवढा कॅमेरा, त्याच्याभोवती बारीक दिवे, आणि दुसरं टोक मोबाइलला जोडायचं. मेस्त्रींनी शेजारी उभ्या असलेल्या गाडीचा एक प्लग काढला, त्या भोकातून वायर आत सोडली आणि मोबाइल सगळ्यांसमोर धरला. पडद्यावर इंजिनाचं पोट उजळलं. पिस्टनचा काळपट माथा दिसला, वाल्वच्या गोल कडा दिसल्या, सिलिंडरची चकचकीत भिंत दिसली. एक नट न काढता! मेस्त्रींनी जन्मभर या इंजिनांची उघडलेली पोटं बघितली होती, पण बंद असताना आत हे असं असतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. त्यांना भारी नवल वाटत होतं आणि ते लपवायचं कसं हे समजत नव्हतं.

मग एकेकाचं वाक्य झालं. रंगारी म्हणाला, "सासूच्या मनात सोडता आली तर मीही घेईन." हशा पिकला. शेवटी कँटीनच्या मावशी हात पुसत आल्या, पडद्याकडे जरा वेळ निरखून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान दिसतंय. भिंतीवरच्या तिरप्या रेघासुद्धा मोजता येतील. त्या अजून शाबूत आहेत, म्हणजे हे इंजिन इतक्यात तेल खाणार नाही."

"मावशी, चहा उतू जाईल," रंगारी म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

मेस्त्री हसले नाहीत. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम पाडलेल्या त्या बारीक रेघा तेल धरून ठेवतात, आणि इंजिन झिजलं की त्या पुसल्या जातात. गॅरेजात हे ठाऊक असलेली माणसं मेस्त्रींना धरून दोन होती. कँटीन त्यात धरलेलंच नव्हतं.

मावशी सगळ्यांच्याच मावशी होत्या. एकटे मेस्त्री त्यांना "बाई" म्हणत. गॅरेजच्या कोपऱ्यातली एक खोली अठरा वर्षं त्यांच्याकडे होती, सकाळचा चहा, दुपारचं गरम जेवण, चारचा चहा, असा त्यांचा दिवस. त्याआधी ऐन तारुण्यात त्यांनी एका बेकरीची ब्रेडची गाडी चालवली होती, हे त्या कधीमधी सांगायच्या. कँटीनला गॅरेजच्या बाजूनं एक खिडकी होती, हातभर उंचीची, पुढे फळी असलेली. या फळीवरून कप बाहेर यायचे आणि रिकामे आत जायचे. आतून त्या खिडकीतून दिसायचं तरी काय? माणसांचे पट्टे, शर्टाची खालची बटणं आणि उघडलेल्या बॉनेटची मागची बाजू. काम करणारे हात कधीच दिसायचे नाहीत. आवाज मात्र सगळा यायचा.

त्या दुपारी मेस्त्रींचं कामात लक्ष लागेना. गेल्या पाच महिन्यांत मावशींनी चादरीवर काय काय ठेवलं होतं ते ते आठवू लागले. सुरुवातीला पान्यांचा संच. तेव्हा सगळ्यांना वाटलं, गॅसची शेगडी सारखी बिघडते म्हणून घेतला असेल. मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या. मग रेडिएटरचे रबरी पाइप. मग क्लच प्लेट, नवीकोरी, कागदात गुंडाळलेली. त्या दिवशी रंगारी म्हणाला होता, "मावशी आता गाडी शिजवणार," आणि मावशीही हसल्या होत्या. गेल्या महिन्यात ब्रेक शू. कुणी विचारलंच तर मावशी म्हणायच्या, "लागेल की." मेस्त्री प्रत्येक वस्तूला "बरी आहे" म्हणून मोकळे झाले होते. आता त्यांना एकदम उमगलं की ही नुसती खरेदी नव्हती. ज्या क्रमानं एखादी मेलेली गाडी उठवायची असते, अगदी त्याच क्रमानं या वस्तू आल्या होत्या.

चारच्या चहाला ते खिडकीशी वाकले. "बाई, कुठली गाडी?"

"माझी ब्रेडचीच," आतून आवाज आला. "बेकरी बंद झाली, तेव्हा ती भंगारात निघाली. मी घेऊन ठेवली. चालायला लागली तर मागं चूल बसवीन, खाणं विकीन."

"आणि काम कोण करतंय?"

"मीच करते."

मेस्त्रींनी कप फळीवर ठेवला आणि ते निघून गेले. त्यांचा काडीचा विश्वास बसला नव्हता. असेल कुणी भाचा-पुतण्या हाताशी, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या महिन्याच्या मांडणीला मालक स्वतः आले. मालक एरवी येत नसत, त्यांच्या खरेद्या टेबलावर मावणाऱ्या नसायच्या. ही मात्र मावली. कपाटाएवढं नाही, पण कपाटाच्या धाकट्या भावाएवढं एक मशीन दोघांनी उचलून चादरीवर ठेवलं. काळं, गुळगुळीत, पुढे आठ बटणं. "ही आपल्या सगळ्यांची खरेदी," मालक म्हणाले. "चहा, कॉफी, सूप, बटण दाबा आणि घ्या. जेवणाचे डबे बाहेरून येतील. एक तारखेपासून कँटीनच्या खोलीत सुट्या भागांचं कोठार करायचं आहे, जागा पुरत नाही." मग मावशींकडे न बघता म्हणाले, "मावशींशी मी बोलणारच होतो."

एरवी जिभेला हाड नसलेला रंगारी चादरीची सुरकुती काढत राहिला. पण नियम तो नियम. एकेक जण हात धुऊन आला, मशीनला बोट लावलं आणि "चकाकतंय छान," "आवाज करत नाही," असं काहीतरी पुटपुटून मागं सरला. मेस्त्रींनी "बरं आहे" म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांच्याच्यानं तेवढंही म्हणवेना.

मावशी आल्या. त्यांनी हात धुतले, पदराला कोरडे केले आणि बटण दाबलं. कप सरळ खाली आला, त्यात चहाची धार पडली आणि काठाच्या बोटभर खाली थांबली. मावशींनी कप उचलून एक घोट घेतला. "बरोबर मोजून ओततं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून कुणाला जास्त, कुणाला कमी होतो." त्यांच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता, आणि त्यामुळेच तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला मान खाली घालावीशी वाटली.

मग त्यांनी आपली वस्तू आणली आणि मशीनच्या शेजारी ठेवली. दोन हात लांबीचा लोखंडी पाइप होता.

"हे काय, मावशी?" वायरमननं विचारलं.

"पान्याच्या दांड्यावर चढवायला. चाकाचे नट निघत नाहीयेत. उजव्या बाजूचे निघाले, डाव्या बाजूचे तीन आठवडे झाले तरी हलत नाहीत. दांडा लांब झाला की जोर येईल."

मेस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. ब्रेडच्या त्या जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून कंपनीनंच ते तसे केलेले. सगळी दुनिया ज्या दिशेला फिरवून नट सोडते, त्या दिशेला हे आवळत जातात. गॅरेजात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे हातांना माहीत होतं. तसली गाडी आली की हात आपला उलटा वळायचा. तोंडानं ते कुणी कधी बोललं नव्हतं. मेस्त्रींसारख्या बडबड्या माणसानंही नाही, कारण जे हाताला आपोआप येतं त्यावर ओरडायची वेळच येत नाही. आणि जे बोललं गेलं नाही ते खिडकीपलीकडे पोचलं नाही. तेव्हा कुठं मेस्त्रींची खात्री पटली. कुणी भाचा नाही आणि पुतण्याही नाही. गॅरेजात वर्षभर उभ्या राहिलेल्या कुठल्याही माणसानं ही चूक केली नसती. ही चूक फक्त कानानं शिकलेल्या माणसाचीच.

आता ती बाई त्या पाइपवर उभी राहणार, आणि नटाऐवजी चाकाचा बोल्ट मोडणार. तसा बोल्ट आता बाजारात औषधालाही मिळत नाही.

चादरीवरच्या वस्तूबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून मेस्त्रींनी दम धरला. टेबल रिकामं झाल्यावर ते खिडकीशी गेले. "बाई, आज त्या पाइपला हात लावू नका. उद्या अर्धा दिवस आहे. मी येतो."

"का हो?"

"येतो म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मावशी आपल्या थोरल्या बहिणीबरोबर एका इमारतीच्या तळमजल्यावर राहत. मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती आणि तिच्यात ती गाडी होती. थोरल्या बहिणीनं त्यांना आत नेलं. "मला मोटारीतलं काही समजत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "ही 'दाब' म्हणाली की मी ब्रेक दाबते, 'सोड' म्हणाली की सोडते. मी नुसती पाय आहे."

मेस्त्रींनी बॉनेट उचललं आणि ते तसंच धरून उभे राहिले.

आत सगळं लख्ख होतं. वायरी एकाला एक समांतर, जिथं गरम लोखंडाजवळून जात होत्या तिथं वर नळी चढवलेली. पाइपांच्या क्लिपांचे सगळे स्क्रू एकाच बाजूला, बाहेर तोंड करून, पुढच्या वेळी पेचकस सरळ पोचावा म्हणून. या एका गोष्टीसाठी मेस्त्री पस्तीस वर्षं घसा फोडून ओरडले होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रोज क्लिपा उलट्या लागत होत्या. इथं एकही क्लिप उलटी नव्हती. बाजूच्या फळीवर जॅमच्या रिकाम्या बरण्या होत्या. प्रत्येकीत काढलेले जुने बोल्ट, कुठून काढले त्याची चिठ्ठी आत घातलेली. "बोल्ट काढलास तर त्याला घर दे," हे वाक्य कुणाचं? मेस्त्रींचंच! देवळात जाऊन हात न जोडणारा हा माणूस त्या उघड्या बॉनेटसमोर नकळत पायातल्या चपला काढून उभा राहिला होता, आणि ते त्याच्या मागाहून लक्षात आलं.

"एक प्लग राहिलाय," मावशी म्हणाल्या. "तो बसवून घेऊ?"

त्यांनी प्लग भोकात धरला आणि बोटांनी फिरवायला सुरुवात केली. फिरवता फिरवता तोंडानं पुटपुटत होत्या. "हातानं, हातानं, हातानंच जाऊ दे. अडला? काढ परत. हं, आता गेला. टेकला. आता पाना घे. पाव फेरा. बस. बस म्हटलं ना गाढवा, मोडशील!"

आणि पाना बरोबर तिथंच थांबला, जिथं मेस्त्रींचा थांबला असता.

आवाज मावशींचा होता, पण ठेका, दम, शेवटचा फटकारा, सगळं मेस्त्रींचं. त्यांना हसावं की काय करावं ते कळेना. "ते गाढव कशाला मध्ये?"

मावशी ओशाळल्या. "तुम्ही तिथं म्हणता. नेमकं किती आवळायचं ते मला दिसायचं नाही ना. मग मी मनात मोजायची. पाना घेतल्यापासून गाढवापर्यंत किती वेळ जातो ते. गाढव आलं की थांबायचं."

मेस्त्री शेजारच्या लाकडी खोक्यावर बसले. इतकी माणसं त्यांच्याजवळ उभी राहून गेली. त्यांचे हात बघत, त्यांच्या खांद्यावरून वाकत. कुणाच्याही हाती काही लागलं नाही. आणि ही बाई भिंतीपलीकडे कप विसळत उभी राहिली, फक्त आवाजावर, आणि त्यांच्या रागातून तिनं एक अख्खी विद्या वेचून काढली. आपलं म्हणणं जगात कुणी इतकं कान देऊन ऐकत होतं, हे त्यांना ठाऊक असतं तर? कदाचित ते थोडं कमी ओरडले असते. कदाचित थोडं जास्त बोलले असते. त्यांनी खेकसून विचारलं, "तो पाना कुठंय?"

ते डाव्या चाकाशी बसले, पाना लावला आणि उलट्या दिशेला एक झटका दिला. कर्रकन आवाज झाला आणि नट फिरला.

मावशी आ वासून बघत राहिल्या. मग मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "तीन आठवडे! तीन आठवडे मी त्याला जीव खाऊन आवळत होते!"

"डाव्या चाकांचे आटे उलटे असतात," मेस्त्री म्हणाले. "आम्ही कधी बोललो नाही. माझंच चुकलं." हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणीही पूर्वी ऐकलेलं नव्हतं, त्यांच्या घरच्यांनीसुद्धा नाही.

त्यानंतर तीन आठवडे ते रोज काम सुटल्यावर तासभर जायचे. आणि त्यांनी एक नवंच सुरू केलं. हाताला जे आपोआप येतं ते ते तोंडानं सांगू लागले. "आता मी अंगठा असा खाली घेतलाय. आता मनगट वळवतोय. आता नखानं बघतोय, कडा लागते का." पस्तीस वर्षं न बोललेलं एकेक बाहेर काढताना त्यांना घाम फुटायचा. दोन दिवस मावशींनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "मेस्त्री, बोलू नका. आता मला दिसतंय."

मेस्त्रींनी नुसता हात जरा बाजूला घेतला, मावशींना नीट दिसावा म्हणून.

महिना संपायला चार दिवस असताना तपासणी केंद्रात नंबर लागला. तपासणीचा दाखला मिळाला तरच खाण्याची गाडी रस्त्यावर लावायचा परवाना मिळणार होता, आणि आज नापास झालं तर पुढचा नंबर दीड महिन्यानं. म्हणजे दीड महिना ना कँटीन, ना गाडी. दोघी बहिणींनी खायचं काय? गाडी मावशींनीच चालवत आणली. मेस्त्री शेजारी बसले होते आणि इंजिन ऐकत होते. काही खोट सापडेना, तरी ते पुन्हा पहिल्यापासून ऐकत होते.

तपासनीस मेस्त्रींना चांगला ओळखत होता. "तुम्ही आणलीत म्हणजे बघायलाच नको," म्हणत त्यानं फॉर्म पुढे केला. "दुरुस्ती करणाऱ्याची सही, इथं."

मेस्त्रींनी दोन्ही हात खिशात घातले. "दुरुस्ती मी केलेली नाही. या बाईंनी केली आहे."

तपासनीसानं मावशींना एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि फॉर्म मागं घेतला. "मग सगळं बघावं लागेल. वरपासून खालपर्यंत."

तो टॉर्च आणायला आत गेला, तेव्हा मावशींनी मेस्त्रींना बाजूला ओढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काय केलंत हे? एक सही करायला काय झालं होतं तुम्हाला? माझं पोट आहे यावर!"

"मी सही केली तर काम माझं होईल," मेस्त्री म्हणाले. "मग जन्मभर लोक म्हणतील, मेस्त्रींनी करून दिली. ते खोटं आहे. मी इंजिनात डोकावून बघितलंय बाई. तुम्हाला माझ्या सहीची गरज नाही."

"नापास झाले तर?"

आपण एका बाईच्या भाकरीशी आपल्या तत्त्वापायी खेळत तर नाही ना, या विचारानं त्यांचे कान तापले होते.

तपासनीस तासभर गाडीखाली, गाडीवर, गाडीभोवती फिरला. हातोडीनं ठोकून बघितलं. चाकं हलवून बघितली. स्वतः बसून ब्रेक दाबला, गाडी नाकासमोर सरळ थांबली. सुरुवातीला तो भराभर जात होता. मग त्याची चाल मंदावली. मग एकेका ठिकाणी थांबून तो नुसताच बघत राहू लागला, तपासायचं संपल्यावरही. "या क्लिपा," तो स्वतःशीच म्हणाला. "सगळ्या एका बाजूला…" मेस्त्रींना त्याच्या मानेवरूनच समजत होतं की शेडमध्ये आपलं जे झालं तेच आता याचं होतंय.

शेवटी तो मागं गेला आणि म्हणाला, "नंबर प्लेटवरचा दिवा लागत नाही."

मावशींचा चेहरा उतरला. मेस्त्रींचा तर रंगच उडाला. साऱ्या गाडीत त्यांनी स्वतःच्या हातानं पूर्ण केलेलं काम एकच होतं. आदल्या दिवशी मावशी कँटीनमध्ये अडकल्या होत्या, तेव्हा "एवढं मी करतो, यात काय आहे" म्हणून त्यांनी एक दिवा बसवला होता. हा तो.

मावशी तोवर मागच्या बंपरखाली आडव्या झाल्या होत्या. स्क्रू काढला, पॉलिश पेपरनं रंग खरवडून पत्रा उघडा केला, वायर परत लावली. दिवा लागला. उठून हात झटकत त्या मेस्त्रींना अगदी हळू आवाजात, तपासनीसाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, "रंगावरच अर्थिंग दिलं होतं. होतं असं कधीकधी."

"ऐकलंत का साहेब?" मेस्त्री ओरडले. त्यांचा आवाज सगळ्या आवारात घुमला. "रंग न खरवडता अर्थिंग दिलं होतं, गाढवानं! आणि ते गाढव म्हणजे मी! यांनी दोन मिनिटांत काढून दिलं!" लोक वळून बघू लागले, तर मेस्त्रींच्या तोंडावर लाज कुठंच नव्हती. कुणाला वाटलं असतं, त्यांनाच बक्षीस मिळालंय.

तपासनीसानं फॉर्म गाडीच्या टपावर ठेवला आणि पेन मावशींकडे दिलं. एकेक रकाना तो बोटानं दाखवत गेला. नाव. पत्ता. केलेलं काम. मग बोट एका रकान्यावर थांबलं. "या कामातला अनुभव किती वर्षांचा?"

मावशींचं पेन अधांतरी थांबलं. त्या "काही नाही" म्हणायला निघाल्या होत्या, मेस्त्रींना ते त्यांच्या ओठांवर दिसलं.

"अठरा," मेस्त्री म्हणाले. "अठरा वर्षं. एक दिवस दांडी नाही. लिहा बाई."

मावशींनी आकडा लिहिला. मग त्यांनी डोळे पुसले आणि खाली सही केली.